सगळ्यात हळू

गिमारायशच्या स्टेशनाखाली, उतारावर, माझं दुकान.
बावीस मशिनं काचेत, एक टेबलावर पोट उघडून पडलेलं,
आणि एक, जे विकायचं नाही. त्यावर मांजर झोपतं.

लोक येतात आणि टाके मोजतात.
ह्यात किती? ऐंशी. त्यात? दोनशे दहा.
दोनशे दहावाल्यात बदकांची रांगही भरता येते.
ते घेऊन जातात. वर्षभरानं परत आणतात, दोरा गुंततो म्हणून.
मी तळ उघडतो: धूळ, लोकर, सुईचं मोडकं टोक,
आणि टाक्यांची चकती एकावरच,
दुकानातून गेली तेव्हा होती तशी.
सरळ टीप. माणसाला तेवढीच लागते,
कधीमधी एखादं काज.
हे मी आधी सांगत नाही.
मलाही भाडं भरायचं असतं.

फेलिस्मिना आली ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी,
ओली छत्री दाराबाहेर टेकवून.
किंमत विचारली नाही, रंग बघितला नाही.
एकेका मशिनाचं चाक हातानं स्वतःकडे फिरवत गेली,
डोळे मिटून,
कलिंगड वाजवून बघावं तसं.
पांढऱ्याला म्हणाली, हे आतून पोकळ.
प्लास्टिकचे दाते. मी नुसताच खोकलो.
हिरव्यापाशी थांबली. जुनं, लोखंडी, तेरा किलोचं,
कडेचा रंग टवका उडून गेलेला.
सुई ओवली ती न बघता.
दोरा नेढ्यातून गेला, घरचं माणूस दारातून जातं तसा.

मग विचारलं:
हे सगळ्यात हळू किती चालतं?

एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी केला नव्हता.
मिनिटाला किती टाके, विचारतात.
जीन्सचे चार पदर झेपतील का, विचारतात.
मी म्हटलं, पाय ठेवून बघा.
तिनं बूट काढला. मोजा अंगठ्याशी रफू केलेला.
टक्.
मग बऱ्याच वेळानं,
टक्.
मध्ये पोर्तोची गाडी सुटून गेली.
ती हसली, दातांतली फट दिसेपर्यंत.

म्हणाली, नदीकाठच्या कारखान्यात होते, सव्वीस वर्षं.
पुरुषांचे शर्ट. मी डावा खिसा.
डावा खिसा लावायचे, असं नाही म्हणाली.
मी डावा खिसा. माझ्या शेजारी ग्रासिंदा, ती कॉलर.
दिवसाला नऊशे.
टाळं लागलं त्या रात्री पाकिटाच्या पाठीवर हिशेब केला:
पन्नास लाखांहून जास्त छात्यांवर माझी टीप,
आणि अख्खा शर्ट
एकही नाही.

मी वीस युरो कमी केले.
कशाला, म्हणाली, आणि पूर्ण मोजले.
भाचा मशीन खांद्यावर घेऊन उतार उतरला,
ती मागून त्याला सांगत होती, हळू. हळू.

नोव्हेंबरात, गल्लीत चेस्टनट भाजायचा धूर भरलेला असताना,
ती आली तोच शर्ट घालून.
वाइनच्या रंगाचा. एक बाही बोटभर लांब,
कॉलर रुसल्यासारखी एका अंगाला.
बटणं सात, काजं सहा.
तीनदा उसवला, म्हणाली,
लोक मुलांचे गुण सांगतात त्या आवाजात.
उजवीकडे खिसा, खोल, गरम चेस्टनटांनी फुगलेला.
डावीकडे सपाट कापड.
मी बोट दाखवलं.
माझे डावे संपले, ती म्हणाली,
आणि मूठभर चेस्टनट काउंटरवर ओतले.

साली अजून बॉबिनांच्या डब्यात आहेत.
त्या संध्याकाळी शटर अर्धं ओढून मी मांजराला उठवलं,
त्या मशिनाला तेल घातलं, बूट काढला.
मांजर अजून माझ्याशी बोलत नाही.